प्लॅन एफ सोडून प्लॅन जी घेताना

मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेत पासष्टीनंतर मिळणाऱ्या सरकारी आरोग्य विम्याच्या, जोडीला घेतलेला माझा पूरक विमा, ज्याला इथे सगळे मेडिगॅप म्हणतात, तो मी गेल्या वर्षी बदलला. २०१८ साली पासष्टी पूर्ण झाली तेव्हा घेतलेला प्लॅन एफ सोडला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये बहात्तरावे वर्ष पूर्ण झाल्यावर प्लॅन जी घेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आमच्या पिढीतील बरेच मराठी लोक आता निवृत्त झाले आहेत किंवा त्या उंबरठ्यावर आहेत, आणि गणेशोत्सवाच्या जेवणावळीतसुद्धा हल्ली पार्ट बी आणि डिडक्टिबलचे (विम्याचे पैसे मिळू लागण्याआधी आपण भरायच्या रकमेचे) विषय निघतात. त्या गप्पांत अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून मी काय केले, का केले आणि त्यात कुठे अडलो हे क्रमाने लिहून ठेवतो.

ज्यांची पासष्टी अजून दूर आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. सरकारी मेडिकेअरमध्ये पार्ट ए रुग्णालयाचा आणि पार्ट बी डॉक्टर, तपासण्या व बाह्यरुग्ण उपचारांचा असतो. या दोन्हींत रुग्णाने भरायचा वाटा बराच असतो. २०२५ मध्ये रुग्णालयात दाखल झाल्यास पार्ट एचे डिडक्टिबलच १,६७६ डॉलर होते, आणि पार्ट बीमध्ये वर्षाचे २५७ डॉलर भरून झाल्यावरही मंजूर रकमेचे वीस टक्के आपल्याला द्यावे लागतात. या वीस टक्क्यांना वरची कोणतीही मर्यादा नाही, आणि हाच सर्वांत धोक्याचा भाग आहे, कारण कर्करोगासारख्या आजाराच्या बिलाचे वीस टक्के म्हणजे किती, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. मेडिगॅप हे खिंडार बुजवतो. त्याच्या प्रकारांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत आणि मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा व विस्कॉन्सिन सोडून सगळीकडे एका अक्षराचा अर्थ एकच असतो, मग विकणारी कंपनी कोणतीही असो. म्हणजे एका कंपनीचा प्लॅन जी दुसरीपेक्षा 'चांगला' आहे असे कोणी सांगू लागले, तर मूळ संरक्षणापुरते तरी त्याला तथ्य नाही. फरक असतो तो हप्त्याचा, हप्ता कसा वाढतो याचा आणि फोन उचलणाऱ्या माणसांचा.

२०१८ मध्ये मी प्लॅन एफ घेतला, कारण त्यात डॉक्टरकडे गेल्यावर खिशातून काहीच द्यावे लागत नव्हते. मात्र २०१५ च्या एका कायद्यानुसार १ जानेवारी २०२० पासून मेडिकेअरला नव्याने पात्र होणाऱ्यांना प्लॅन एफ आणि प्लॅन सी मिळणे बंद झाले. आमच्या घरातच त्याचा परिणाम दिसतो: माझी पत्नी २०२२ मध्ये पासष्ट वर्षांची झाली, त्यामुळे तिला प्लॅन जी घ्यावा लागला आणि माझा मात्र एफ चालू राहिला. दोन्हींत फरक एवढाच की जीमध्ये पार्ट बीचे वार्षिक डिडक्टिबल आपण भरायचे. पण एफच्या गटात नुकतीच पासष्टी ओलांडलेली, धडधाकट माणसे येणे थांबले. आत असलेले सगळे दरवर्षी एका वर्षाने म्हातारे होत गेले आणि दावे वाढत गेले. माझ्या पॉलिसीचा हप्ता तसाही वयाप्रमाणे वाढणारा होता, त्यात ही भर पडली. दर वर्षी येणारे दरवाढीचे पत्र पाहून पत्नी म्हणायची, "तुमच्या एफचं काय एवढं कौतुक आहे, ते एकदा मला समजावून सांगा." २०२५ चे पत्र आले तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

आता यातील खरा पेच सांगतो. मेडिगॅप कधीही बदलता येतो असा समज सर्वत्र आहे, आणि कागदावर तो खोटाही नाही. अर्ज कधीही करता येतो. पण तो मंजूर करण्याचे बंधन कंपनीवर केव्हा असते, हा प्रश्न वेगळा आहे. पासष्टी पूर्ण झालेली असताना पार्ट बी सुरू झाला की सहा महिन्यांचा एक काळ मिळतो, ज्यात कोणतीही कंपनी प्रकृतीचे कारण काढून नकार देऊ शकत नाही किंवा जास्त हप्ता लावू शकत नाही. तो काळ एकदाच येतो. त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी प्रकृतीची प्रश्नावली पुढे करते आणि उत्तरे पाहून नाही म्हणू शकते. माझ्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यासाठी २०२२ मध्ये अब्लेशन करून घेतले आहे, रक्त पातळ करणारी एलिक्विसची गोळी रोज चालू आहे. अशा माणसाला प्रश्नावली पार करणे जवळजवळ अशक्य असते.

माझा इंजिनिअरिंग कॉलेजातील एक मित्र टेक्सासमध्ये राहतो. त्याने पासष्टीला मेडिगॅप न घेता मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत मिळणारी योजना, घेतले, कारण त्याला वेगळा हप्ता नव्हता आणि दातांचे व चष्म्याचे लाभ होते. पहिल्या वर्षात मन बदलले असते तर त्याला परत फिरण्याचा हक्क होता. पण तेव्हा तो ठणठणीत होता, बदलायचे कशाला? पाच-सहा वर्षांनी बायपास झाली, हवा तो तज्ज्ञ त्या योजनेच्या ठरावीक डॉक्टरांच्या नेटवर्कबाहेर निघाला, आणि मूळ मेडिकेअरकडे येऊन मेडिगॅप घ्यावा म्हणून त्याने अर्ज केले तेव्हा नकार मिळाला. मी माझ्या बदलाविषयी त्याला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अरे, तुझं बरं आहे, तू कॅलिफोर्नियात आहेस." हे त्याने चेष्टेत म्हटले असले तरी ते अक्षरशः खरे आहे.

कॅलिफोर्नियात ज्याच्याकडे आधीच मेडिगॅप आहे त्याला दर वर्षी वाढदिवसापासून साठ दिवसांची मुदत मिळते. या मुदतीत तेवढेच किंवा त्याहून कमी लाभ देणारा कोणताही मेडिगॅप, कोणत्याही कंपनीकडून, प्रकृतीचा एकही प्रश्न न विचारता घेता येतो. ही मुदत पूर्वी तीस दिवसांची होती, २०२० पासून ती दुप्पट झाली. ऑरेगन, नेव्हाडा, आयडाहो, इलिनॉय अशा आणखी काही राज्यांतही वाढदिवसाचा नियम आहे, पण प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. इलिनॉयमध्ये वयाची मर्यादा आहे. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट त्याहून उदार आहेत, तिथे वर्षभर केव्हाही घेता येतो. बाकीच्या बहुसंख्य राज्यांत माझ्या मित्राचीच गत होते. निवृत्तीनंतर मुलाजवळ किंवा मुलीजवळ राहायला दुसऱ्या राज्यात जावे का, हा विचार आमच्याकडे घरोघरी चालू असतो. त्यात हवामान, घरांच्या किमती आणि राज्याचा आयकर एवढेच मोजले जाते. मेडिगॅपचे नियमही त्या यादीत असायला हवेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

बदलायचेच होते तर ॲडव्हांटेज का नको, हे मला मुलाने विचारले. शेजारी एक जोडपे त्यावर समाधानी आहे, त्यांचे सगळे डॉक्टर एकाच मोठ्या संस्थेत आहेत आणि त्यांना बाहेर जाण्याची गरजच पडत नाही. त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. माझ्या दृष्टीने आड येणाऱ्या गोष्टी दोन होत्या. एक म्हणजे तिथे अनेक तपासण्यांना आणि उपचारांना आधी कंपनीची मंजुरी लागते, आणि हृदयाच्या बाबतीत मला तशी वाट पाहायची नाही. दुसरी गोष्ट पुण्याची. आम्ही दर हिवाळ्यात पुण्याला जातो आणि पुढेमागे हा मुक्काम वाढवावा असेही मनात आहे. ॲडव्हांटेजमध्ये सलग सहा महिन्यांहून अधिक काळ सेवाक्षेत्राबाहेर राहिल्यास सहसा नाव कमी केले जाते. मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप यांना आपण कुठे राहतो याचे सोयरसुतक नसते. हप्ते भरत राहिले म्हणजे झाले.

पुण्याचा मुद्दा थोडा विस्ताराने लिहितो, कारण त्याबाबत अनेकांची कल्पना चुकीची आहे. मेडिकेअर भारतात जवळजवळ काहीही देत नाही. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या प्रकारांत परदेश प्रवासातील तातडीच्या उपचारांचा लाभ असतो, आणि 'जीमध्ये भारतही कव्हर आहे' असे लोक सांगतात ते यावरूनच. पण हा लाभ प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत उद्भवलेल्या तातडीच्या उपचारांपुरता आहे. आधी २५० डॉलर आपले, मग ऐंशी टक्के त्यांचे, आणि आयुष्यभरात मिळून कमाल ५०,००० डॉलर. दिवाळीला जाऊन महाशिवरात्रीनंतर परतणाऱ्या माणसाचा अर्धा मुक्काम त्यात बसत नाही. शिवाय पुण्यातील रुग्णालय अमेरिकी कंपनीला बिल पाठवत बसत नाही. पैसे आपण भरायचे, तपशीलवार बिले आणि डिस्चार्जचे कागद जपायचे आणि परतल्यावर दावा करायचा. म्हणून साठ दिवसांनंतरच्या काळासाठी आम्ही प्रवास विमा वेगळा घेतो. भारतातील आरोग्य विम्याचाही विचार चालू आहे, कारण एप्रिल २०२४ पासून तिथल्या विमा नियामकाने पासष्ट वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली आहे. मात्र आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, त्यामुळे तो निर्णय पुण्याला कायमचे जाण्याच्या बऱ्याच आधी घ्यावा लागेल.

प्लॅन निवडताना मी कोणत्याही एजंटकडे आधी गेलो नाही. प्रत्येक राज्यात मेडिकेअरविषयी मोफत सल्ला देणारी सरकारी सोय आहे. कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात. आमच्या गावातील सीनियर सेंटरमध्ये त्यांच्या एक स्वयंसेविका भेटल्या. त्या स्वतः सत्तरीच्या पुढच्या होत्या, त्यांना काही विकायचे नव्हते, आणि त्यांनी मला आधी माझ्या औषधांची यादी नव्हे तर माझ्या एफच्या हप्त्याचे पत्र मागितले. एफ आणि जी यांच्या हप्त्यांतील फरक महिन्याला सुमारे ७० डॉलर निघाला, म्हणजे वर्षाला ८४० च्या आसपास. जीमध्ये माझ्यावर येणारा एकमेव जादा खर्च २५७ डॉलरचा. २५७ डॉलर वाचवण्यासाठी ८४० डॉलर देणे हा हिशेब पाचवीतील मुलालाही कळेल, तरीही एफ धरून बसलेले अनेक लोक मला माहीत आहेत, कारण 'काहीच भरावे लागत नाही' या शब्दांची भूल मोठी असते.

त्यांनी प्लॅन एनही दाखवला. त्याचा हप्ता आणखी कमी असतो, पण डॉक्टरच्या भेटीला वीस डॉलरपर्यंत आणि दाखल न होता आपत्कालीन विभागातून परत आल्यास पन्नास डॉलरपर्यंत द्यावे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मेडिकेअरचा दर पूर्ण मोबदला म्हणून न स्वीकारणारे डॉक्टर पंधरा टक्क्यांपर्यंत अधिक आकारू शकतात आणि ते एन भरत नाही. वर्षभरातील माझ्या हृदयरोगतज्ज्ञाच्या भेटी पाहता बचत फारशी राहत नव्हती. २०२५ मध्ये २,८७० डॉलरचे डिडक्टिबल असलेला स्वस्त जीही होता. प्रकृती ठणठणीत असती तर तो मी कदाचित घेतला असता. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली: वाढदिवसाच्या नियमात खाली उतरता येते, पण वर चढता येत नाही. एकदा जीवर आलो की या वाटेने एफकडे परतता येणार नाही, आणि एनवर गेलो तर जीकडेही नाही.

अर्ज करताना तीन-चार गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. नव्या कंपनीला मेडिकेअर क्रमांक, पार्ट ए व पार्ट बी सुरू झाल्याच्या तारखा आणि जुनी पॉलिसी चालू असल्याचा पुरावा लागतो. अर्जावर वाढदिवसाच्या नियमाखाली अर्ज करत असल्याची खूण करायची असते, आणि ती केली की प्रकृतीचे प्रश्न कोरे सोडायचे असतात. फोनवरच्या पहिल्या प्रतिनिधीला हा नियम ठाऊक नव्हता. तो प्रत्येक आजाराचे नाव वाचून हो की नाही विचारू लागला. मी उत्तर न देता त्याला पर्यवेक्षकाला बोलवायला सांगितले, तेव्हा ते प्रश्न थांबले. अशा वेळी सौजन्याने का होईना अडून बसावे, कारण अनावश्यक उत्तरे एकदा नोंदली गेली की ती खोडायला त्रास होतो. जुनी पॉलिसी बदलून नवी घेत असल्याच्या निवेदनावर वेगळी सही लागते, आणि नवी पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत ती नापसंत म्हणून परत करता येते. नव्या पॉलिसीची मंजुरी लेखी येईपर्यंत जुनी रद्द करायची नाही, हे मी कटाक्षाने पाळले.

नवी पॉलिसी १ ऑक्टोबरपासून सुरू केली. यात एक छोटासा फायदा होता, जो स्वयंसेविकेने सांगितला नसता तर माझ्या लक्षात आला नसता. पार्ट बीचे डिडक्टिबल जानेवारी ते डिसेंबर असे मोजले जाते, आणि २०२५ चे माझे डिडक्टिबल वर्षाच्या सुरुवातीलाच एफने भरून टाकले होते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये जीवर आल्यावर उरलेल्या तीन महिन्यांत मला पुन्हा काही भरावे लागले नाही.

त्रास झाला तो जुन्या कंपनीचा. रद्द करण्याचे पत्र पोहोचल्याची पोच असूनही ऑक्टोबरचा हप्ता बँकेतून कापला गेला. फोनवर प्रत्येक वेळी 'प्रक्रिया चालू आहे' असे उत्तर मिळाले. शेवटी राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करणार असल्याचे लेखी कळवल्यावर पैसे परत आले. बँकेची आपोआप वजावट आपणच बंद केलेली बरी. नवे कार्ड हृदयरोगतज्ज्ञाकडे आणि प्रयोगशाळेत वेगवेगळे दाखवावे लागते. एका ठिकाणी दिले म्हणजे सगळीकडे पोहोचले असे होत नाही.

औषधांचा पार्ट डी पूर्णपणे वेगळा आहे आणि त्याला या बदलाने धक्का लागत नाही. तो बदलण्याचा काळ १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, आणि दूरदर्शनवरील जाहिरातींचा भडिमार त्याच काळात असल्यामुळे लोक मेडिगॅपलाही तीच मुदत आहे असे समजतात. २०२२ च्या कायद्यामुळे २०२५ पासून पार्ट डीमध्ये वर्षभराच्या आपल्या खर्चाला २,००० डॉलरची मर्यादा आली, ती २०२६ साठी २,१०० आहे. एलिक्विस घेणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे.

हप्त्यांचा विषय निघाला की उत्पन्नाचा विषय टाळता येत नाही, कारण पार्ट बीचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या कर विवरणावरून ठरतो. कोथरूडचा आमचा फ्लॅट आम्ही २०२३ मध्ये विकला. तो मी १९९४ मध्ये स्वतः घेतलेला होता, त्यामुळे नफा बराच होता. भारतात भरलेल्या भांडवली नफ्याच्या कराची वजावट अमेरिकी करात मिळाली, पण त्यामुळे उत्पन्नाचा आकडा कमी होत नाही, आणि मेडिकेअर पाहते ते उत्पन्न. पती-पत्नीच्या एकत्रित विवरणासाठी २०२५ ची मर्यादा २,१२,००० डॉलर होती. आम्ही ती ओलांडली आणि प्रत्येकाचा पार्ट बीचा महिन्याचा हप्ता १८५ ऐवजी २५९ डॉलर झाला, पार्ट डीवर १३.७० डॉलर वेगळे. दोघांचे मिळून वर्षाला २,१०० डॉलरहून थोडे अधिक गेले. एसएसए-४४ हा अर्ज करून हप्ता कमी करून घेता येतो, पण त्यासाठी नोकरी सुटणे, जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट अशी ठरावीक कारणे लागतात; स्वखुशीने फ्लॅट विकणे त्यात बसत नाही. आमच्या कर सल्लागाराने हे विक्रीपूर्वीच मांडले होते आणि आम्ही तो खर्च विक्रीच्या किमतीतच धरला होता. २०२४ चे उत्पन्न नेहमीसारखे असल्याने २०२६ मध्ये आम्ही पुन्हा मूळ हप्त्यावर आलो, जो आता २०२.९० डॉलर आहे.

सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथले सरकारी निवृत्तिवेतन, मी सत्तरीपर्यंत थांबवून ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केली. पूर्ण निवृत्तिवेतन मिळण्याचे माझे वय सहासष्ट होते, म्हणजे चार वर्षांचे दर साल आठ टक्के प्रमाणे बत्तीस टक्के वाढले. पत्नीची इथली नोकरीची वर्षे कमी असल्याने तिला माझ्या नोंदीवरचा निम्मा वाटा मिळतो, आणि त्या निम्म्या वाट्यात माझ्या थांबण्याने काहीच वाढ होत नाही. तरीही थांबलो ते तिच्यासाठीच, कारण माझ्यानंतर तिला माझी वाढलेली पूर्ण रक्कम मिळत राहील.

यंदा मी त्र्याहत्तर पूर्ण करीन, म्हणजे निवृत्ती खात्यांतून सक्तीने रक्कम काढणे सुरू होईल. पहिल्या वर्षाची रक्कम पुढच्या १ एप्रिलपर्यंत लांबवता येते, पण मग २०२७ मध्ये दोन वर्षांच्या रकमा एकदम उत्पन्नात धरल्या जातील आणि २०२९ चा पार्ट बीचा हप्ता वाढेल. म्हणून ती यंदाच काढायची ठरवली आहे. तिचा काही भाग खात्यातून थेट दान करणार आहे, म्हणजे तो उत्पन्नात मोजला जाणार नाही. मात्र हे दान अमेरिकेत नोंदलेल्या पात्र धर्मादाय संस्थेलाच द्यावे लागते, गावच्या शाळेला इथून थेट पाठवलेले चालत नाही.

पत्नीचा वाढदिवस मार्चमध्ये असतो. तिच्या जीचा हप्ताही चढला आहे, आणि तिला कोणताही मोठा आजार नसल्याने एन तिच्यासाठी स्वस्त पडेल असे माझे गणित सांगते. तिचे म्हणणे असे की दर भेटीला वीस डॉलर देण्याची कटकट तिला नको, आणि पुढे जीकडे परतता येणार नसेल तर मुळीच नको. आम्ही दुसऱ्या कंपनीच्या जीचे दर मागवले आहेत, आणि या वेळी स्वयंसेविकेकडे ती स्वतः जाणार आहे.